गाण्याचं पाकीट आणि त्यावरची नावं

ठाणे आणि नवी मुंबईत मास मीडिया शिकवणाऱ्या माझ्या ओळखीच्या वर्गांमध्ये सध्या एका प्रकल्पावरून जोरदार वाद चालू आहे. विद्यार्थ्यांनी पाच-सहा जणांचा गट करून एका गाण्याचा म्युझिक व्हिडिओ करायचा आणि त्याच्याबरोबर अल्बमचं पॅकेजिंगही करायचं, म्हणजे पुढचं-मागचं कव्हर, आतली घडीची पुस्तिका, तबकडीवरची छपाई, सगळं, असा हा प्रकल्प. व्हिडिओबद्दल कुणाचीच तक्रार नाही. भांडण आहे ते पॅकेजिंगवरून. ते काढून टाका म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद एका ओळीचा: सीडी आता कुणी घेत नाही. ठेवा म्हणणाऱ्यांचा युक्तिवादही तितकाच तोकडा: कॅसेटचं कव्हर उलगडून वाचण्यात काय मजा होती ती या पोरांना कळली पाहिजे. एकाने बाजार दाखवायचा, दुसऱ्याने आठवणी काढायच्या, आणि या कामातून मुलं नेमकं काय शिकतात याबद्दल दोघांनीही बोलायचं नाही, असं हे चाललं आहे.

पॅकेजिंग राहिलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. व्हिडिओइतकेच गुण त्याला असले पाहिजेत. गाणं कुणी लिहिलं, कुणी गायलं, ढोलकी कुणी वाजवली, परवानगी कुणाची घेतली, साल कोणतं, हे छापील अक्षरांत लिहायची आणि त्याची जबाबदारी घ्यायची वेळ विद्यार्थ्यावर अख्ख्या अभ्यासक्रमात फक्त इथे येते. व्हिडिओत हे सगळं टाळता येतं. शेवटच्या चार सेकंदांत नावांची पट्टी सरकवली की काम भागतं, आणि ती पट्टी येईपर्यंत बघणारा पुढच्या व्हिडिओवर गेलेला असतो. कागदावर छापलेलं नाव तसं निसटत नाही. ते चुकलं तर चुकलेलंच राहतं आणि गाळलं तर गाळल्याचं दिसतं.

समोरच्यांचं जे खरं आहे ते आधी मान्य करतो. सीडी १९८२ साली बाजारात आली आणि तिचा काळ येऊन गेलाही. आजच्या लॅपटॉपला तबकडी घालायची सोयच नसते. मुलं १२ सेंटिमीटरच्या चौकोनात कव्हर बसवतात, प्लास्टिकची डबी शोधत मुंबईत लॅमिंग्टन रोडपर्यंत जातात, आणि डबीत घातलेली तबकडी वाजते की नाही हे परीक्षकही तपासत नाही, कारण वाजवणार कशावर? हा देखावा आहे असं कुणी म्हटलं तर मी ते खोडून काढणार नाही. प्रकल्पाचा साचाही परका आहे. ब्रिटनमध्ये शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत मीडिया स्टडीज घेणाऱ्या मुलांना म्युझिक व्हिडिओ, त्या अल्बमचं डिजिपॅक म्हणजे पुठ्ठ्याच्या घडीचं पाकीट, आणि मासिकातली जाहिरात असा संच करायला लावत. आपल्याकडच्या प्रकल्पाची ठेवण हुबेहूब तशीच आहे. मला सगळ्यात जास्त खटकते ती मात्र मागच्या कव्हरवरची यादी. मुलं तिथे आठ-दहा गाणी छापतात, त्यातलं एकच खरं असतं. बाकीची नावं मनानेच रचलेली. जे गाणं कुणी लिहिलं नाही, कुणी गायलं नाही, त्यापुढे ‘४ मिनिटं १२ सेकंद’ असं छापायला शिकवणं म्हणजे खोटे कागद तयार करायला शिकवणं. हे ताबडतोब थांबायला हवं.

ठेवा म्हणणाऱ्यांपैकी काही जण परदेशातल्या काळ्या तबकड्यांचा दाखला देतात. अमेरिकेत २०२२ साली विनाइलच्या तबकड्या सीडींपेक्षा जास्त संख्येने विकल्या गेल्या, तेव्हा हातात धरता येणाऱ्या संगीताचे दिवस परत येत आहेत, असं त्यांचं म्हणणं. आकडा खरा आहे, पण तो शौकिनांच्या बाजाराचा आहे. ऐरोलीतल्या मुलाने पाकीट करायला शिकावं यासाठी तिकडच्या शौकिनांच्या खरेदीचा आधार घ्यावा लागत असेल, तर तो आधार उद्या बाजार फिरला की जाईल.

नावाचा प्रश्न मात्र बाजाराबरोबर फिरलेला नाही. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन कलकत्त्यात आला. त्याने मुद्रित केलेल्या कलावंतांत गायिका गौहर जान होती. तिच्या त्या जेमतेम तीन मिनिटांच्या तबकड्यांच्या शेवटी ती इंग्रजीत आपलं नाव सांगते. ऐकणाऱ्याला आज ती नखऱ्याची लकब वाटते. पण ते मुद्रण तबकड्या काढण्यासाठी जर्मनीत हॅनोवरला जायचं, आणि तिथल्या कारागिराला लेबलावर कुणाचं नाव घालायचं ते कळावं म्हणून नाव आवाजातच भरून पाठवायची ती रीत होती. म्हणजे तिने उच्चारलेलं ते वाक्य लेबलाचा मजकूर होता. गाणं आणि त्याचं पाकीट यांची फारकत होऊ नये यासाठी केलेली ती तजवीज होती.

मराठीला ही तजवीज नवी नव्हती. अभंगाच्या शेवटच्या चरणात ‘तुका म्हणे’ येतं, ‘जनी म्हणे’ येतं. पुढे शाहिरांनी कवनाच्या शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफलं. कागद सगळ्यांच्या हाती नव्हता, म्हणून नाव ओळीतच ओवलं गेलं, आणि ते गाळलं तर चरणच मोडेल अशा जागी ओवलं गेलं. दळण-कांडण करणाऱ्या जनाबाईचं नाव सातशे वर्षं कुणालाही पुसता आलं नाही, यात या साध्या युक्तीचा वाटा मोठा आहे. नाव राहावं म्हणून ज्या परंपरेने छंदातच जागा करून ठेवली, त्या परंपरेतल्या मुलांना आपण सांगणार का, की श्रेयाचं पान आता कालबाह्य झालं?

नाव जागेवर नसलं की काय होतं, याचंही उदाहरण समोर आहे. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातल्या सर्वांत गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ असं छापलं होतं. कामिनी हे पडद्यावरच्या पात्राचं नाव. गायल्या होत्या लता मंगेशकर. श्रोत्यांनी रेडिओकडे चौकशी लावून धरली आणि मग खरं नाव लोकांपुढे आलं. हे होऊ शकलं, कारण गाणं देशभर वाजत होतं. ज्यांची गाणी अशी वाजली नाहीत त्यांच्यासाठी चौकशी कोण करणार होतं? दुसऱ्याच नावाच्या लेबलाखाली गेलेले आवाज किती, हे आता मोजायचीही सोय नाही.

ठाण्यात तर फार लांब जायला नको. पी. सावळाराम ठाण्याचे, या शहराचे ते नगराध्यक्षही होते. त्यांनी लिहिलेली, वसंत प्रभूंनी चाल दिलेली आणि लता मंगेशकरांनी गायलेली गाणी अजूनही लग्नाच्या हॉलमध्ये पाठवणीच्या वेळी लागतात. गडकरी रंगायतनच्या बाहेर उभ्या असलेल्या विशीतल्या मुलांना ती ऐकवून पाहा. आवाज ओळखतील, चालही गुणगुणतील. कवी आपल्याच गावचा होता हे सांगणारा क्वचित भेटेल. यात मुलांचा दोष नाही. आकाशवाणीवर निवेदक गीतकार, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावं घ्यायचा, म्हणून आमच्या आधीच्या पिढीला कवी पाठ होते. आता फोनवर बोटाएवढ्या चौकोनाखाली गायकाचं नाव येतं, आणि कवीचं नाव कुठल्या तरी तीन टिंबांच्या मागे दडलेलं असतं. माध्यमाने नाव मागे ढकललं, हे समजून घ्यायला माध्यमांच्या वर्गाशिवाय दुसरी कोणती जागा आहे?

नवी मुंबई ९५ गावांच्या जमिनीवर उभी राहिली. त्या गावांतली आगरी-कोळ्यांची गाणी मात्र जमिनीबरोबर गेली नाहीत. हळदीच्या गाण्यांचे व्हिडिओ लाखो लोक बघतात. घणसोली, दिवाळे, करावे इथली मुलं मीडियाच्या वर्गात आली की प्रकल्पासाठी त्यांना घरातलं गाणं सुचतं, आणि ते सुचलंच पाहिजे. समजा, गटातली एखादी मुलगी म्हणाली, माझी आजी धवले गाते. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण धवले गात एकेक विधी पुढे नेते. तिच्या गाण्याशिवाय ते लग्न लागल्यासारखं वाटत नाही. मुलं फोनवर आजीचा आवाज घेतात, खाली ठेका घालतात, खाडीकाठी कांदळवनाच्या कडेने शूटिंग करतात. व्हिडिओ देखणा होतो. मग पॅकेजिंग करायला बसतात आणि पहिल्यांदाच अडतात. ‘गीत’ या शब्दापुढे काय लिहायचं?

सवयीने ‘पारंपरिक’ लिहिलं जातं. पुष्कळदा ते खरंही असतं. पण ते लिहिण्याआधी कुणी आजीला विचारलं का, की हे तुम्ही कुणाकडून शिकलात? तिच्या सासूकडून, की माहेरच्या एखाद्या धवलारणीकडून? नवरीचं नाव, गावदेवीचं नाव, गावची वेस घालून ती दर लग्नात ओळी बदलते. त्या बदललेल्या ओळी कुणाच्या? तिच्या मागे झील धरणाऱ्या बायकांची नावं घ्यायची की नाही? आणि ‘गायिका’ म्हणून काय छापायचं? ‘आजी’ हे नातीचं तिच्याशी नातं झालं, नाव नव्हे. तिचं स्वतःचं नाव, सासरचं आडनाव, गाव, हे पूर्ण लिहायचं तर एकदा तिलाच विचारावं लागेल, आणि मुळात हा आवाज जगापुढे ठेवायला तिची हरकत नाही ना, हेही तेव्हाच विचारावं लागेल. व्हिडिओ करताना यातला एकही प्रश्न कुणाला पडलेला नसतो. कॅमेऱ्याला चेहरा पुरतो.

तेराव्या शतकातल्या महदंबेच्या धवळ्यांना आपण मराठीतल्या पहिल्या कवयित्रीची रचना म्हणून मान देतो. तीही लग्नाचीच गाणी, श्रीकृष्ण आणि रुक्मिणीच्या. महानुभावांनी तिचं नाव जपलं, म्हणून ते आज अभ्यासक्रमात आहे. त्या काळी हाताने पोथ्या उतरवणाऱ्यांना जे जमलं, ते खिशात फोन असणाऱ्या आपल्याला जमू नये? धवल्यांचे व्हिडिओ उदंड होतील, पण गाणाऱ्या बाईचं नाव कुठेच नसेल, तर आपण लोकसंस्कृती जपली असं कोणत्या तोंडाने म्हणणार?

यावर कुणी म्हणेल, ही झाली नैतिकता, अभ्यासक्रम व्यवसायाचा आहे. मग व्यवसायाचं बोलू. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली ५२ए हे कलम आलं. ध्वनिमुद्रण प्रसिद्ध करणाऱ्याने ते कुणी केलं त्याचं नाव-पत्ता, हक्क कुणाचा त्याचं नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचं साल हे ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या वेष्टनावर दाखवायचं असतं. ते न दाखवल्याबद्दल ६८ए कलमात तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची आणि दंडाची तरतूद आहे. म्हणजे पाकिटावरचा मजकूर हा सजावटीचा भाग नसून कायद्याने मागितलेला दस्तऐवज आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं ३१सी कलम तर थेट कव्हरबद्दल बोलतं. जुन्या गाण्याचं नवं मुद्रण काढायचं तर मूळ मुद्रणाला पाच वर्षं उलटून जावी लागतात, मोबदला आधी भरावा लागतो, पाकिटावर मूळ गायकाचं नाव किंवा चित्र टाकता येत नाही, आणि हे कव्हर व्हर्जन आहे असं त्या पाकिटावरच लिहावं लागतं. वर्गात किती मुलांना हे ठाऊक असतं? बहुतेक गट एखादं गाजलेलं चित्रपटगीत उचलतात. शिकण्या-शिकवण्यापुरत्या वापराला कायदा काही सवलत देतो, पण तोच व्हिडिओ हौसेने यूट्यूबवर चढवला की दावा येतो, आवाज बंद होतो किंवा जाहिरातीचे पैसे भलत्याच खात्यात जातात. मग मुलं म्हणतात, आम्हाला कुणी सांगितलंच नाही. पाकिटाचा मजकूर त्यांनी नीट लिहिला असता तर हक्काच्या ओळीपाशी त्यांना ते आपोआप कळलं असतं.

इथपर्यंत मी मजकुराबद्दलच बोललो. चित्राची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे, आणि ‘व्हिडिओतलीच एक फ्रेम कव्हरवर टाकली की झालं’ म्हणणाऱ्यांनी ती कधी करून पाहिलेली नसते. फुल एचडी व्हिडिओची चौकट १९२० बाय १०८० पिक्सेलची. तिच्यातून चौकोन कापला तर बाजू १०८० ची. १२ सेंटिमीटरचं कव्हर ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके या दराने, छापायचं तर सुमारे १४२० पिक्सेल लागतात, आणि कापताना कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून सोडायचा ३ मिलिमीटरचा ब्लीड वेगळाच. स्ट्रीमिंगवर गाणं पाठवायचं तर वितरक ३००० बाय ३००० पिक्सेलचं चित्र मागतात. शिवाय सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत कॅमेऱ्याचं शटर बहुधा सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतकं उघडं असतं, त्यामुळे हलत्या हाताची, उडत्या केसांची फ्रेम थांबवली की ती पुसटलेली निघते. व्हिडिओत ती गती म्हणून छान दिसते, कागदावर मात्र डाग होते. तेव्हा कव्हरसाठी वेगळा फोटोग्राफर सेटवर लागतो, त्याच्यासाठी दिग्दर्शकाला वेळ काढावा लागतो, आणि काय टिपायचं हे आधी ठरवावं लागतं. आधी ठरवायचं म्हटलं की गटात खरी चर्चा सुरू होते: आपलं गाणं नेमकं कशाबद्दल आहे? तीन-चार मिनिटांच्या व्हिडिओत शंभर शॉट लावून हा प्रश्न चुकवता येतो. एका चौकोनात तो चुकवता येत नाही.

व्हिडिओला मी कमी लेखत नाही. स्लो मोशनमध्ये ओठ गाण्याशी जुळावेत म्हणून सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं आणि कलाकाराने त्या वेगात ओठ हलवायचे, मग ५० फ्रेमचं चित्रण २५ ला आणलं की चेहरा संथ आणि बोल बरोबर, ही युक्ती स्वतःच्या हाताने करून पाहणारा मुलगा काळाबद्दल जे शिकतो ते पुस्तकातून शिकणार नाही. येऊरच्या जंगलात शूटिंग करायचं तर वनखात्याची परवानगी लागते, फलाटावर करायचं तर रेल्वेची, ड्रोन उडवायचा तर तो कुठे उडवता येतो ते दाखवणारा, २०२१ च्या नियमांतला लाल-पिवळा-हिरवा नकाशा बघावा लागतो; हेही शिक्षणच. माझा मुद्दा इतकाच, की एक काम वाहत्या वेळेचं आहे आणि दुसरं थांबवून धरण्याचं, आणि ज्याला दोन्ही करावं लागतं तो पहिलंही अधिक विचाराने करतो.

तिसरी गोष्ट अक्षरांची. आपल्या शहरात वाढलेली मुलं कव्हरचा विचार रोमन अक्षरांत करतात, मग मराठी नाव संगणकात जो फॉन्ट समोर येईल त्यात टाइप करतात. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय चालू केलेली नसली तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं फुटतात. गायिकेचं नाव अशा फुटक्या अक्षरांत छापून आलेलं पाहिलं की वाईट वाटतं. आणि हे कुठे होतंय, तर जिथे कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत अशी अक्षरं रेखाटली की वाचायच्या आधी नाटक ओळखू यावं, जिथे दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं बघून लोक पुस्तक हातात घेत, जिथे र. कृ. जोशींनी संगणकासाठी देवनागरीचा मंगल फॉन्ट घडवला, त्या मराठी मुलखात. आज साधनांची ददात नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’, ‘बालू’ यांसारखे देवनागरी फॉन्ट मोफत मिळतात. कमी आहे ती बसून अक्षर बघण्याची सवय, आणि ती रीलच्या पट्टीवर लागणार नाही, कारण तिथे अक्षर दोन सेकंदांत जातं.

आता नवा आक्षेप. कव्हर एआयकडून दहा सेकंदांत होतं, गाणंही होतं, मग मुलांनी महिनाभर खपायचं कशाला? चित्र दहा सेकंदांत होतं हे खरंच आहे, आणि ते अनेक विद्यार्थ्यांच्या चित्राहून सफाईदारही असतं. पण यंत्राने धवलारीण काढून दिली तर ती कोणती? तिच्या नाकातली नथ कुठली, लुगडं नेसण्याची पद्धत कुठली? आगरी बाईच्या जागी कुठल्या तरी जाहिरातीतली ‘मराठी नारी’ उभी राहिली, तर ती चूक कव्हरवर कुणाच्या नावाने छापायची? आपल्या कायद्यात संगणकाने तयार केलेल्या कृतीचा कर्ता म्हणून ती करवून घेणाऱ्या व्यक्तीचा उल्लेख १९९४ च्या दुरुस्तीपासून आहे. म्हणजे जबाबदारीची ओळ तिथेही सुटत नाही, उलट अधिक ठळक होते. मुलांनी एआय वापरावा. पण पुस्तिकेत लिहावं, चित्र कुणी करवून घेतलं, कशावरून, आणि काय बदललं. ही ओळ लिहायची सवय लागली तर पुढच्या दहा वर्षांत तिच्याइतकी उपयोगी दुसरी सवय नसेल.

मला सर्वांत अवघड वाटणारा आक्षेप पैशांचा आहे, आणि तो पालकांकडून येतो. ज्याच्या घरी कॅमेरा आहे, ज्याचे वडील ड्रोन भाड्याने घेऊन देतात, त्याचा गट पुढे. ज्याची आई घरकाम करून फी भरते, त्याचा गट मागे. यात डिजिपॅकची महागडी छपाई, लॅमिनेशन, डाय-कटिंग म्हणजे साच्याने कापणं, यांची भर कशाला? हा आक्षेप टोलवून लावण्यासारखा नाही. पण हिशेब मांडला तर दिसतं, की खर्च फुगवतो तो व्हिडिओ. कॅमेरा, लाइट, ड्रोन, जेवणखाण, रिक्षा. १२ बाय १८ इंचांच्या एका शीटवर १२ सेंटिमीटरच्या चार पानी घडीच्या तीन प्रती ब्लीड धरूनही बसतात. वागळे इस्टेटपासून रबाळ्यापर्यंत डिजिटल छपाईची सोय आहे आणि एक रंगीत शीट छापणं कुठल्याही गटाला परवडतं. हा कागद श्रीमंत मुलाला अधिक चांगला करता येत नाही. तिथे लागते ती चौकशी, नेमकी भाषा, शुद्धलेखन आणि नजर. पॅकेजिंगचे गुण वाढवले तर पैशांमुळे पडणारा फरक उलट कमीच होईल.

म्हणूनच प्रकल्प आहे तसा ठेवा असं मी म्हणत नाही. प्लास्टिकची डबी जाऊ द्या, न वाजणारी तबकडी जाऊ द्या, कल्पनेतल्या गाण्यांची यादी तर सर्वांत आधी जाऊ द्या. प्रत्येक गटाने आठ खोटी गाणी छापण्यापेक्षा वर्गातल्या सगळ्या गटांच्या खऱ्या गाण्यांचा मिळून एकच अल्बम करावा, आणि त्याची एक घडीची पुस्तिका सगळ्यांनी मिळून काढावी. गाण्यांचा क्रम लावताना भांडणं होतील, ती होऊ द्यावीत. कोणतं गाणं आधी आणि कोणाच्या शेजारी, हा संपादनाचा धडा आहे. गाणं ऐकण्यासाठी मागे क्यूआर कोड असावा, पण कोड उद्या बंद पडला तरी नावं वाचता येतील अशी पुस्तिका असावी.

नोकरीत थंबनेल आणि रील लागतात, पाकीट लागत नाही, असंही ऐकू येतं. ज्याला एका चौकोनात गाणं मांडता येतं त्याला थंबनेल जड जात नाही. आणि स्ट्रीमिंग कंपनीला गाणं पाठवताना कवी, संगीतकार, निर्माता, मुद्रणाचं साल, मुद्रणाची ओळख पटवणारा १२ अक्षर-आकड्यांचा आयएसआरसी क्रमांक, हे सगळे रकाने भरावेच लागतात. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर असायचा तोच हा मजकूर. हे रकाने चुकीचे भरले गेले की मानधन चुकीच्या माणसाला जातं किंवा कुणालाच जात नाही. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा चित्रपटगृहाबाहेरच्या रॉयल्टीतला वाटा कुणाला विकत घेता येऊ नये अशी व्यवस्था केली. पण नावच चुकलं असेल तर तो वाटा पोहोचणार कुठे?

एक बदल मात्र मी आग्रहाने मागतो. सध्या व्हिडिओ आधी होतो आणि सबमिशनच्या आदल्या रात्री जागून पॅकेजिंग उरकलं जातं. हा क्रम उलटा करावा. पुस्तिकेचा मजकूर, म्हणजे नावं, गावं, कुणी कुणाकडून शिकलं त्याची ओळ, परवानगीच्या सह्या, हे सगळं तपासून झाल्याशिवाय गटाला कॉलेजचा कॅमेरा देऊ नये. वर्ग पावसाळ्यात सुरू होतात. गणपतीत मुलं घरी किंवा गावी असतात, गाणारी माणसंही तिथेच असतात. तेव्हा कच्चा मजकूर छापून सोबत न्यावा, त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा, आणि आडनावातली काना-मात्रा, गावाचं नाव, मागे झील धरणाऱ्या बायकांतली कुणी राहून गेली असेल तर ती, हे तिथल्या तिथे दुरुस्त करून आणावं. शूटिंगला दसऱ्यानंतरही भरपूर वेळ मिळतो.